भंडारदऱ्याचा मधुचंद्र: आम्ही दोघं आणि आत्याबाई

मधुचंद्राला तीन माणसं जातात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

सगळा घोळ ह्यांच्या हुशारीने झाला. ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की हल्ली नवी जोडपी समुद्रकिनारी जातात, रानातली जनावरं बघतात आणि निवांत बोलतात. निवांत बोलणं आमच्या नशिबात नव्हतंच. नगरातलं आमचं घर तीन खोल्यांचं, माणसं तेरा. हे पुरुषमंडळींबरोबर ओट्यावर झोपत, मी बायकांबरोबर माजघरात. लग्नाला सहा महिने होऊन गेले होते आणि ह्यांच्याशी माझं सर्वांत मोठं बोलणं काय झालं असेल, तर "आमटीत मीठ कमी आहे का?" "नाही."

आता समुद्रावर जातो म्हटलं तर मामंजी जाऊ देणार नाहीत. म्हणून ह्यांनी शक्कल काढली. हे पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, भंडारदऱ्याच्या बंगल्यात उतरायची परवानगी मिळण्यासारखी होती. धरणाचं पाणी हा आपला समुद्र, भोवतीचं रान हे जंगल, आणि मामंजींना सांगायचं की रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दर्शनाला जातो. ह्यांनी तसं सांगितलं. मामंजींचे डोळे भरून आले. "वा! या वयात देवाची ओढ! मग आक्कालाही घेऊन जा. बिचारी कधीची म्हणतेय."

आक्का म्हणजे मामंजींची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई. लहानपणीच विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, कडक सोवळ्याच्या. ह्यांचं तोंड असं झालं, की मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

हसले खरी, पण आत्याबाईंच्या येण्यानं माझीही पंचाईत झाली होती. कारण मलाही ह्या प्रवासात ह्यांच्याशी एक बोलायचं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा लग्न ठरलं आणि शाळा सुटली. आमच्या हेडबाई निरोपावर निरोप पाठवत होत्या, की बाहेरून परीक्षेला बस, फॉर्म मी ठेवून घेतलाय, पुढच्या सोमवारपर्यंत सही करून दे. मामंजी पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "सूनबाईंचं शिक्षण आता पुरे झालं." म्हणजे ह्यांनी शब्द टाकला तरच काही आशा. आणि हे स्वतः मॅट्रिक झालेले, लग्न जुळवणाऱ्यांनी तसं चारचौघांत सांगितलं होतं. शिकलेल्या माणसाला शिकण्याची किंमत असणार. फक्त एकांतात पाच मिनिटं हवी होती. आत्याबाईंसमोर बोलले तर ते मामंजींपर्यंत जायला वेळ लागणार नव्हता.

पहिला दिवस: नगर ते संगमनेर

तुम्ही जाणार असाल तर सामान थोडं घ्या. आम्ही घेतलं ते असं: आमची एक ट्रंक, आणि आत्याबाईंची पितळी घागर, स्टोव्ह, सोवळ्याचं गाठोडं, पाट, तांदळाची पिशवी (रेशनच्या दिवसांत परगावी धान्य मिळेल याचा भरवसा धरू नका), दशम्यांचा डबा आणि तुळशीचं रोप. हो, रोप. चार दिवस घरी पाणी कोण घालणार, म्हणून.

माळीवाड्यातून सकाळी सर्व्हिस मोटार सुटली. पेट्रोलच्या टंचाईपासून ह्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे भलीमोठी टाकी, तिच्यात कोळसे धगधगताहेत, आणि क्लीनर दर दहा मैलांवर उतरून सळईने ते ढवळतोय. भाडं माणशी दीड रुपया. त्यात चढावर उतरून चालायचंही असतं, ते कुणी आधी सांगत नाही. बसायची जागा शक्यतो पुढची धरा. आम्हाला मागची मिळाली. राहुरीपर्यंत आमचे तिघांचे चेहरे काळे झाले होते. बाकावर मी खिडकीशी, हे दुसऱ्या टोकाला, मध्ये आत्याबाई आणि त्यांच्या मांडीवर तुळस.

कोल्हारला प्रवरेकाठी मोटार थांबली. तिथे पेरू झकास मिळतात. आत्याबाई पाणी आणायला नदीवर उतरल्या आणि ह्यांनी घसा खाकरला.

"मला जरा... तुला एक सांगायचं होतं."

"मलाही," मी म्हटलं.

"मग आधी तू."

"नाही, तुम्ही."

हे असं तीनदा झालं आणि तेवढ्यात घागर घेऊन आत्याबाई हजर. मी मनात ह्यांना चांगली दोन वाक्यं ऐकवली. सांगायचं तर सांगून टाकावं माणसानं!

संगमनेरला नदीकाठच्या धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ आहे, डास मात्र पोटभर. आत्याबाईंनी ओल्या आलवणानं स्टोव्ह पेटवून केलेला पिठलं-भात इतका चवदार होता, की मी रागवायचं विसरले.

दुसरा दिवस: माकडं आणि समुद्र

अकोले गावावरून राजूरपर्यंत मोटार जाते, पुढे बैलगाडी. रस्ता खडीचा, हाडं खिळखिळी होतात, पण दोन्हीकडे पिकलेली भातखाचरं आणि समोर सह्याद्रीची भिंत. कार्तिकातच जा. पावसाळ्यात गाडी रुतते आणि उन्हाळ्यात बघायला काही उरत नाही.

वाटेत रंध्याचा धबधबा लागतो. तिथे आमची सफारी सुरू झाली. आम्ही पाणी बघतोय तोवर वानरांच्या टोळीनं गाडीवर हल्ला केला आणि एका म्हाताऱ्या हुप्प्यानं दशम्यांचा डबा उघडून मांडीत घेतला. मला वाटलं, आता सगळं ओवळं झालं, आत्याबाई दोन दिवस उपाशी राहणार. आत्याबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खा बाबा. तू मारुतरायाचा, तुला कसला विटाळ?" आणि त्यानं टाकलेल्या डब्यातल्या उरलेल्या दोन दशम्या शांतपणे खाल्ल्या. मी गेल्या महिन्यात चुकून त्यांच्या पाटाला पदर लावला, तर मला तीन घागरी पाणी ओढायला लावलं होतं!

शेंडी गावाशी धरण. पलीकडे पाणीच पाणी, डोंगर त्यात बुडालेले. ह्यांनी बूट काढले, छत्री उघडली आणि काठावर ऐटीत बसले. "हा आपला समुद्र समज."

"समजते. पण वाळू कुठाय? हा तर मुरूम आहे, टोचतोय."

"मासिकात वाळू होती," हे खिन्नपणे म्हणाले.

मी हळूच जवळ सरकले. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं, तोच आत्याबाईंनी ओंजळीनं पाण्याचा घोट घेतला आणि मोठ्यांदा विचारलं, "काय रे, समुद्र म्हणतोस, मग खारट कसा नाही?" आणि आमच्या दोघांच्या मधोमध धुणं वाळत घातलं.

तिसरा दिवस: माळ्यावर

बंगल्याचा राखणदार धोंडिबा. त्याचं शेत रानाला लागून. तो म्हणाला, "डुकरं बगायची आसतील तर सांजच्याला माज्या माळ्यावर या. भात खायाला रोज येत्यात. कवा कवा बिबळ्या बी फिरतो. पन आवाज करायचा न्हाई बगा, लई तिखट कानाची जनावरं."

माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेलं राखणीचं मचाण. शिडी अशी, की पायऱ्या मोजून चार, त्याही दोन-दोन हातांच्या अंतरावर. आत्याबाईंनी शिडी बघितली, आलवण सावरलं आणि खाली खोपीत जपाला बसल्या. मी भराभर वर चढले. वर मी, हे आणि धोंडिबा. आणि धोंडिबाची पाठ आमच्याकडे होती!

सूर्य डोंगराआड गेला. खाचराच्या कडेला गवत हललं. आधी एक मुस्काट दिसलं, मग दुसरं, मग पिलांची रांग. मी श्वास रोखून बघत होते, तेव्हा ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. मला वाटलं, आता काहीतरी मासिकातलं बोलणार.

"मी मॅट्रिक नाही. दोनदा बसलो, दोनदा नापास. तुझ्या घरी खोटं सांगितलं गेलं."

"काऽय? नापास?"

माझा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. डुकरं उधळली, पिलं किंचाळली, झाडावरून एक शेकरू शेपूट उभारून पळालं, आणि लांब कुठेतरी भेकर भुंकलं.

धोंडिबानं डोक्याला हात लावला. "गेली! समदी गेली! आवो बाई, नापास जाल्यालं मानूस काय पळून जात न्हाई, डुकरं पळत्यात की!"

मला संताप आला होता. खोटं सांगितल्याचा तर होताच, पण त्याहून जास्त ह्याचा, की आता मी विचारू कशी? नवरा दोनदा नापास आणि बायको म्हणते, मला बसू द्या. पण सहा महिन्यांची वाफ होती, ती बाहेर पडलीच. "मला परीक्षेला बसायचंय," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत फॉर्म भरायचाय."

हे उठले, शिडी उतरले आणि बंगल्यापर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले.

चौथा दिवस: रतनवाडी

शेंडीहून रतनवाडीला होडीनं जायचं. कोळी नावाडी घेऊन जातात, भाडं आधी ठरवा. पाण्यावर सकाळी धुकं असतं, अंगावर शाल हवीच. एवढं सुंदर दृश्य मी जन्मात बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही धड बघितलं नाही. हे होडीच्या एका टोकाला पाठ करून बसलेले, मी दुसऱ्या. मला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. फॉर्म गेला, आणि धड बोलायला लागलेला नवराही गेला, असं वाटत होतं.

अमृतेश्वराचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, तळापासून शिखरापर्यंत कोरलेलं. नुसतं ते बघायला जरी गेलात तरी पैसे वसूल. दर्शन झालं आणि आत्याबाईंनी जाहीर केलं, "मी एकशेआठ प्रदक्षिणा घालणार आहे. तुम्ही दोघं त्या सोमसूत्रापाशी बसा."

शंकराची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र, ते ओलांडायचं नसतं, तिथून मागे फिरायचं. म्हणजे आत्याबाई दर फेरीला आमच्या नाकासमोर येणार आणि वळणार. आल्या, वळल्या. आल्या, वळल्या. ओठ पुटपुटताहेत, नजर जमिनीवर. आम्ही दोघं दगडासारखे.

छप्पनाव्या का सत्तावन्नाव्या फेरीला जप न थांबवता त्या म्हणाल्या, "नमः शिवाय, मी खोपीत बसले होते, बहिरी नाही, नमः शिवाय."

हे दचकले. पुढच्या फेरीला: "नमः शिवाय, दोन्ही वेळा निकालानंतर माझ्यापाशीच येऊन रडलास, नमः शिवाय, मी बोलले का कुणाजवळ?"

आत्याबाई पलीकडे गेल्या आणि हे एकदम बोलायला लागले. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. "तू बसलीस तर तू पास होशील. मग लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. रात्रभर तेच डोक्यात होतं. मला भीती वाटते गं."

माझा सगळा राग तिथेच पाण्यात गेला. पुरुषमाणूस असं सरळ बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "मग तुम्हीही बसा," मी म्हटलं. "भूमिती मला येत नाही, इंग्रजी तुम्हाला येत नसेल."

"तुला कसं कळलं?"

"परवा बंगल्याच्या वहीत 'वाइफ' लिहिताना तुम्ही माझ्याकडे बघून थांबला होतात."

हे हसले. पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "बरं. बसू दोघं. फॉर्म आण."

तेवढ्यात आत्याबाई आल्या. घामाघूम झाल्या होत्या. "नमः शिवाय, झालं का रे? माझे पाय गेले!"

"झालं, आत्या."

"मग उरलेल्या एकोणपन्नास तू घाल," म्हणाल्या आणि पायरीवर बसकण मारली. ह्यांनी खरोखरच घातल्या.

परत घरी

परतीचा रस्ता तोच, धूळही तीच, फक्त मोटारीत मधली जागा मला मिळाली. आत्याबाईंना म्हणे खिडकीतून वारा हवा होता.

ओट्यावर पाय ठेवताच त्यांनी मामंजींना सांगितलं, "अण्णा, दिनू पुन्हा मॅट्रिकला बसतोय. आणि इंदूही बसतेय."

"सूनबाई? ती कशाला?"

"त्याला सोबत म्हणून. एकट्याला भीती वाटते त्याला."

थोरल्या बहिणीपुढे मामंजी कधी बोललेले नाहीत. सोमवारी फॉर्म गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी माजघरात कंदिलाशी आम्ही दोघं बसत होतो, आणि घरात तेरा माणसं असून कुणी आत येत नव्हतं, कारण दारात आत्याबाई माळ घेऊन बसलेल्या असत. खरं विचाराल तर आमचा मधुचंद्र तेव्हा झाला.

कुणी विचारतं, काय राहिलं त्या प्रवासातलं? वाघ दिसला नाही, समुद्र गोड निघाला. पण जरूर जा. आणि बरोबर कुणी वडीलधारं देत असतील, तर नको म्हणू नका.

ज्येष्ठात निकाल लागला. ह्यांचा नंबर त्यात नव्हता. येत्या खेपेला पुन्हा बसणार आहेत, इंग्रजी मी घेते. पण ते नापास झाल्याचं त्या दिवशी आम्हाला जरा उशिराच कळलं. सकाळी वाचनालयातून हे वर्तमानपत्र उराशी धरून, एका पायातली वहाण वाटेत टाकून धावत आले आणि सगळ्यांदेखत, मामंजींदेखत ओरडले, "अगं, तू पास! तू पास झालीस!"

मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले. "आणि तुमचा नंबर?"

"माझा?" हे धापा टाकत पेपराकडे बघायला लागले. "माझा बघितलाच नाही. तुझा सापडला आणि मी पळत सुटलो."