घोडी लावल्याशिवाय हात घालायचा नाही

आमच्या ह्यांनी गाडी गॅरेजला दिली ती फक्त इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा. बाकी सगळं घरी. घरी म्हणजे आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या कंपाउंडात, गेटच्या अलीकडे, जिथे आमची छोटी पांढरी गाडी उभी असायची. ह्यांचं म्हणणं, मेकॅनिक एक काम करतो आणि दोन काढून ठेवतो. दर वर्षी गणपतीला गावी जायच्या आधी एका रविवारी गाडी जॅकवर चढायची, एकेक चाक निघायचं, ब्रेक साफ व्हायचे. इतर बायका त्या दिवसांत मोदकाच्या पिठाचं बघायच्या आणि मी गाऊनवर ओढणी टाकून भर दिवसा टॉर्च धरून उभी असायचे.

टॉर्च धरणं हे काही लहान काम नव्हे. हे ऑफिसात कसे होते मला ठाऊक नाही, पण गाडी वर चढली की ह्यांच्यासारखा खडूस साहेब नव्हता. आधी गाडी पहिल्या गिअरमध्ये, मग हँडब्रेक, मग जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून विटा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, वर गेल्यावर पान्याला झटके द्यायचे नाहीत. जॅकखाली जाड फळी, कारण पेव्हर ब्लॉक दबतात. गाडी उचलली की लगेच स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, आडवी करून पत्र्याखाली सरकवायची. मग घोडी, म्हणजे तीन पायांचा लोखंडी स्टँड. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून ह्यांनी दोन घोड्या निवडून आणल्या होत्या. जॅक हळूहळू सोडून गाडीचा भार घोडीवर बसवायचा, गाडी हलवून बघायची आणि मगच चाक काढायचं.

"जॅक उचलतो, धरून ठेवत नाही," हे म्हणायचे. "घोडी लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. बोटसुद्धा नाही."

मी म्हणायचे, "एवढं तर लग्नात भटजींनीसुद्धा सांगितलं नव्हतं." हे हसायचे नाहीत. कामात हसणं ह्यांच्या रक्तात नाही.

आता आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येऊन अडलं. गाड्या जास्त, जागा कमी. एकाच्या मागे एक लावाव्या लागतात. म्हणून गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक काढून ठेवायचा. मागच्याला बाहेर पडायचं असलं की तो पुढची गाडी ढकलून वाट करतो. मुंबईत अशा कितीतरी सोसायट्या असतील. नवीन राहायला आलेला माणूस चुकून हँडब्रेक ओढून गेला तर वॉचमन त्याला इंटरकॉमवर असं काही ऐकवतो की पुन्हा चूक होत नाही. ह्यांचा हातही त्या सवयीचा झाला होता. गाडी लावली की गिअर मोकळा, ब्रेक मोकळा. फक्त जॅक काढायच्या दिवशी हे आधी दार उघडून आत बसायचे आणि गिअर टाकायचे.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा शेजाऱ्यांची नावं गेली. मग एकदा स्टेशनहून घरी यायचा रस्ता गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव घरात कुणी घेत नाही. मुलगा बंगळुरूला असतो, तो फोनवर म्हणाला, "आई, चावी लपवून ठेव. बाबांना गाडी देऊ नकोस."

चालवायला मी देतच नव्हते. पण गाडीचं काम मी बंद केलं नाही. त्याला कारण होतं. घरात हे गॅसची शेगडी पेटवताना गोंधळायचे, शर्टाची बटणं वरखाली लावायचे आणि मी बघतेय हे कळलं की नजर चोरायचे. पण हातात पाना आला की माणूस जुना व्हायचा. बोटांना सगळं पाठ होतं. वर्षभरात तेवढा एक दिवस मला माझा नवरा मिळायचा, खडूस, हुकूम सोडणारा. तो दिवस मी सोडणार नव्हते. फक्त ह्यांच्या नकळत मी आत डोकावून गिअर बघायचे, विटा बघायचे. ह्यांना कळलं असतं तर ह्यांनी टॉर्चही माझ्याकडे दिला नसता.

त्या वर्षी हे मला न सांगता खाली गेले. मी आत कपडे वाळत घालत होते. गॅलरीत आले तर खाली गाडी एका बाजूने उचललेली आणि पुढचं चाक निघून भिंतीला टेकलेलं. विटा तिथेच भिंतीपाशी, एकावर एक. दोन्ही घोड्या बाजूला उभ्या. मी जिना उतरले तो कसा, मला आठवत नाही. हाक मारली नाही एवढं आठवतं. दचकून ह्यांचा हात इकडचा तिकडे होईल अशी भीती वाटली.

मी खाली पोचले तेव्हा हे जमिनीवर कुशीवर पडून एक घोडी आत सरकवत होते. हात खांद्यापर्यंत गाडीखाली. आमचं कंपाउंड गेटजवळच्या गटाराकडे उतरतं आणि गाडी न्यूट्रलला, नेहमीसारखी. घोडी रेटताना ह्यांचा खांदा पत्र्याला लागला, तेवढंच निमित्त. गाडी वीतभर पुढे गेली, जॅक कलंडला आणि सगळं वजन धाडकन खाली आलं.

ते स्टेपनीवर आलं. चाक काढायच्या आधी घोडी लावायला हे विसरले होते, विटा विसरले, गिअर विसरले, पण स्टेपनी सरकवायला हात विसरला नव्हता. तेवढ्या फटीत ह्यांचा हात राहिला. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. वॉचमन आणि तळमजल्यावरचे काका धावत आले, दुसरा जॅक आणला, हात बाहेर काढला. काका म्हणाले, "बाप्पाने वाचवलं वहिनी." मी मान हलवली. मला कुणावर तरी खूप ओरडायचं होतं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस भिंतीला टेकून, विटांकडे बघत बसला होता.

लोक गेल्यावर मी ह्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. हे म्हणाले, "गिअर टाकला नाही मी."

"असू दे."

"असू दे काय? ऐक. आत्ता मला सगळं कळतंय. उद्या कळेल असं नाही." ह्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता, जुना. "चावी तुझ्याकडे ठेव. गाडी विकून टाक. मी मागेन, ओरडेन, काय वाट्टेल ते बोलेन. तरी द्यायची नाही. आणि मला पुन्हा विचारू नकोस. विचारलंस तर मी नाहीच म्हणणार."

"अहो, पण..."

"शब्द दे."

मी दिला. मग आम्ही दोघांनी मिळून चाक लावलं. ह्यांनी समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, नेहमीसारखे, आणि जॅक पुसून डिकीत ठेवला. गाडीचं ह्यांनी केलेलं हे शेवटचं काम होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. जिना चढताना ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत बिल्डिंगमध्ये कधी धरला नव्हता, लोक बघतील म्हणून.

दोन-तीन दिवसांत ह्यांनी चावी मागितली. "गणपती आले जवळ, ब्रेक बघायचेत." मी सांगितलं, तुम्हीच नको म्हणालात, असं असं झालं, हे बघा कोपराचं खरचटलेलं. हे कोपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी असं बोलणं शक्य नाही." आणि खरं सांगते, आधीचे हे कधीच तसं बोलले नसते. म्हणून तर मला ते इतकं लागलं होतं.

पुढचे आठवडे वाईट गेले. हे कपाटं उपसायचे, तांदळाच्या डब्यात हात घालून चावी शोधायचे. राग आला की गावच्या बोलीत यायचे. "तू माका येडो समजतंस काय? चावी खंय आसा?" चावी माझ्या ब्लाउजमध्ये असायची. एकदा हे इतकं लागेल असं बोलले की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. देऊन टाकावी असं वाटलं नाही असं नाही. पण शब्द ज्याला दिला होता तो माणूस आता मला त्यातून मोकळं करायलाही येणार नव्हता. त्याच्याशी बेइमानी कशी करायची? ह्यांच्या शब्दाला राहायचं तर ह्यांच्याच शिव्या खायच्या, असा माझा संसार झाला होता.

गणपतीआधीच गाडी गेली. घाटकोपरचं एक तरुण जोडपं घेऊन गेलं. हे गॅलरीत उभे होते. गाडी गेटबाहेर वळली तेव्हा हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर जो घरी येईल त्याला हे सांगायचे, हिने माझी गाडी विकली, मला न विचारता. नात्यातली माणसं माझ्याकडे बघायची. मी कुणाकुणाला सांगत बसणार? मुलाला सांगितलं, तोही म्हणाला, "आई, बाबांना निदान विचारायचं तरी होतंस." मी फोन ठेवून दिला.

मग हळूहळू रागही विरला. राग आठवायलाही माणूस जागेवर लागतो.

परवा दुपारी आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली गाड्या एकामागे एक उभ्या. हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग अदबीने विचारलं, "तुम्ही ह्याच बिल्डिंगमध्ये राहता का?"

एवढ्या वर्षांत ह्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

"मग आमची गाडी बघितली असेल तुम्ही. पांढरी. तिथे गेटपाशी असायची. आमच्या हिने विकली. न विचारता."

"वाईट केलं हो तिने," मी म्हटलं.

हे विचारात पडले. मग मान हलवून म्हणाले, "नाही हो, तशी नाही ती. मीच काहीतरी सांगितलं असणार तिला. आपल्या मनाने ती असं करायची नाही."

इतके महिने ह्यांच्या तोंडून मला हेच ऐकायचं होतं. ह्यांनी ते सांगितलं, पण बिल्डिंगमधल्या कुणा बाईला.