नदीनं नाव विचारलं तेव्हा

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर सुनावते म्हणून सासरी मला बोलावतानाही लोक विचार करतात. तरीही हे लिहितेय...

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरची. कराडच्या खाली, सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या एका उतारावर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नाव चालायची. पूल लांब, त्यामुळे दोन्ही काठांची माणसं आमच्याच नावेतून ये-जा करायची. पावसाळा सोडला तर आम्ही राहायचोही नावेतच. मागच्या बाजूला तट्ट्याचं छप्पर, त्याखाली शेगडी, अंथरुणं आणि आम्ही चौघं. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सहाचा. त्याच्या कमरेला कायम दोरी बांधलेली, पाण्यात पडू नये म्हणून. आप्पांनी मारलेली गाठ मलाही सुटायची नाही.

पलीकडच्या माणसाला यायचं असलं की तो ओरडायचा, "नाऽऽव!" आप्पा इकडून म्हणायचे, "आलोऽ." एकदा 'आलो' म्हटलं की जायचंच, मग हातातला घास ताटात राहिला तरी चालेल.

पौषातली सकाळ होती. धुकं इतकं की नावेचं टोक दिसेना. पलीकडून हाक आली, "नाऽऽव..." आप्पा "आलोऽ" म्हणाले आणि बांबू रेटला. अर्ध्या पात्रात पोहोचलो तर पुन्हा तोच आवाज – पण आता अगदी जवळून, पाण्यालगत. आणि ती हाक नव्हती. कुणीतरी हळूच विचारत होतं.

"नाव?"

आप्पांचा हात थांबला. भाऊ पुढच्या टोकाला बसला होता. नुकताच शाळेत जायला लागलेला. मास्तर "नाव?" म्हणाले की उभं राहायचं, हाताची घडी घालायची आणि पूर्ण नाव सांगायचं, एवढंच काय ते त्याला पाठ. तो उभा राहिला आणि स्वतःचं, वडिलांचं, आडनाव... सगळं खणखणीत सांगून मोकळा झाला.

पाण्यातून ते नाव परत आलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, चुकू नये म्हणून घोकावं तसं.

"आवं, कोन हाय त्ये?" आईनं विचारलं.

"गप ऱ्हा. कुनी काय बोलू नगा," आप्पा म्हणाले. त्यांनी बांबू जोरात रेटला. पलीकडे लागलो तर काठ मोकळा. ओल्या गाळात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच धुकं पडलं. नाव काठाला बांधलेली, आई भाकरी थापत होती. नदीतून हाक आली... भावाच्या नावानं. आम्ही तिघांनीही ऐकली. वळून बघितलं तर त्याची दोरी फळीवर पडलेली, गाठ जशीच्या तशी, आणि तो छातीभर पाण्यात पलीकडे तोंड करून उभा.

"आलोऽ," तो शांतपणे म्हणाला.

आईनं उडी टाकली आणि केसाला धरून त्याला ओढून काढलं.

"ही नाव बी सोडायची, आन् ह्याचं नाव बी," आप्पा त्याच दुपारी म्हणाले. महिन्याभरात आम्ही तासगावला द्राक्षबागेत कामाला लागलो. भावाला नवं नाव ठेवलं, नव्या शाळेतही तेच घातलं.

धुक्यात आवाज फसवतो, दोरी ढिली झाली असेल – वर्गात मुलांना मी हेच सांगितलं असतं. पण प्रतिध्वनी आधी प्रश्न विचारतो का? खरं सांगायचं तर भीती अजून गेलेली नाही.

भाऊ आता पंचावन्न उलटून गेलाय. नवं नाव आईच्या जिभेवर कधी बसलंच नाही. जन्मभर ती त्याला नुसतं "आरं" म्हणायची. ती गेली त्या सकाळी तो उशाशी होता. त्याच्याकडे बघत तिनं तोंड उघडलं. जुन्या नावाचं पहिलं अक्षर ओठावर आलेलं मला दिसलं... तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि तशीच गेली.

म्हणून मीही ते इथं लिहिलेलं नाही.