पेट स्कॅनमधला हुंकार

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूतबाधा, अंगात येणं, सगळं बंद. त्यात मी अकोल्यात विज्ञानाची शिक्षिका. पण घडलं ते घडलं... आणि मला अजून त्याचा राग येतो.

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. तो पसरला का, हे बघायला अमरावतीत पेट स्कॅन. औषध नागपूरहून येणार, ते दोन तास उशिरा. आई उपाशी, मी कावलेली. हे औषध म्हणजे किरणोत्सारी साखर. कॅन्सर ती जास्त खातो, म्हणून स्कॅनमध्ये चमकतो. पण काम करणारा स्नायूही ती खातो — म्हणून इंजेक्शननंतर तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि आमची आई म्हणजे चालता रेडिओ!

"एक शबद बोलशील तं पाय!" मी दम दिला.

त्या खोलीत नातेवाइकांना बंदी. बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर मी तासभर बसले. आई एकटी पडलेली, ओठ मिटलेले, शेजारची खुर्ची रिकामी.

स्कॅन करून आई हसतच बाहेर आली. "गळ्याले काई नाई म्हने."

"गळ्याचं कोनं काढलं आता?" मी खेकसले.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी बोलावलं. बाकी सगळं स्वच्छ, पण गळ्यात, स्वरयंत्रापाशी चमकत होतं. "मावशी बोलल्या का? बोललं तरी असं दिसतं. नाहीतर..." त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

"बोलली ना तू?" मी आईवर ओरडले.

"तोंड उघडलं का म्या? तुहे बाबा आले होते. खुर्चीवर बसून तेच बोलून राह्यले होते. मी निस्ती हूं हूं करे. त्याले तोंड उघडा लागते का?"

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. एसटीत कंडक्टर होते, घरी आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. आणि आता तासभर गप्पा?

पुढच्या आठवड्यात दुर्बीण घालून गळा तपासला. काहीच निघालं नाही. मी तिथेच रडले.

हूं हूं केल्याने गळा चमकला, एवढं मी वर्गातसुद्धा समजावू शकते. पण डॉक्टरांच्या आधी आईला गळ्याचं कोणी सांगितलं?

शेवटी तिला विचारलंच, "माह्याबद्दल काई बोलले का?"

"म्हने, पोरीले सांग, मायवर इतकं कावू नको."

सांग म्हणे! भिंतीपलीकडेच तर बसले होते ना मी, बाबा. तासभर.