आमच्या शाळेतली राणी

आमच्या शाळेतल्या राणीचे पाय भल्ले मोठे होते. राणी म्हंजे पोरगाच, नववीतला. तवा नाटकात पोरी उभ्या राहत नव्हत्या, मिशी न फुटलेल्या पोराले लुगडं नेसवत. ह्याचा आवाज बारीक, म्हनून मास्तरानं त्याले राणीचं काम देलं, अना मंग सारी शाळा त्याले राणीच म्हने. तो रागवत नव्हता. कोनी चिडवलं त म्हने, "बोला, राणीसाहेब आयकून राहिल्या," अना सोताच हासे.

चाले मात्र धानाच्या बांधीतल्या चिखलातून चालल्यावानी, पाय उचलून उचलून. सकाळी बापासंगं शेतात राबून तीन कोस पायी शाळेत ये. मॅट्रिक झालो का मास्तर होतो अना बाबाले चिखलात उतरू देत नाई, हे त्याचं रोजचं बोलनं. तालमीत लुगड्यात पाय अडकून तीनदा पडला. मले म्हने, "चिखलात धानाचा रोवना लावनं सोपं वो, ह्या निऱ्या कठीन."

मी आठवीत होती. मीच त्याले चिठ्ठी टाकली, का शाळा सुटल्यावर पडद्याच्या खोलीत ये, चालनं शिकवीन. तो आला, पन दारातच उभा. "दार उघडं राहू दे, तुले बोल लागन." तीन दिवस दार उघडंच होतं. चवथ्या दिवशी मी लोटलं. मी निऱ्या खोचत होती, त्यानं डोळे मिटून घेतले होते. बस एवढंच, देवाशपथ एवढंच, पन मले वाटे आता जीव जाते. तेवढ्यात चपराशानं दार ढकललं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मास्तरानं माह्या बाबाले बोलावलं. तो पोरगा भिंतीपाशी उभा होता. मास्तरानं मले विचारलं, कोनं कोनाले बोलावलं? बाबा माह्याकडं पाहत होते. माह्या तोंडातून निंगालं, "त्यानं."

माही चिठ्ठी त्याच्याच खिशात होती, मले ठाऊक होतं. काढली असती त माह्या बाबाची मान खाली गेली असती. मास्तरानं त्याले विचारलं, खरं काय? तो म्हने, "हो जी, मीच बोलावलं."

त्याचं नाव कमी केलं. राणी दुसऱ्या पोरानं केली. माही शाळा सुटली, त्याच उन्हाऱ्यात लगीन झालं. मी कोनालेच काई सांगतलं नाई, आजवर नाई.

मांगच्या महिन्यात पोरीले घेऊन ह्यायच्यासंगं अर्जुनीले गेली, त राइस मिलपाशी तो पोते उतरवून राहिला होता. पाठीवरचं पोतं खाली ठेवून जवळ आला, पोरीकडं पाहून हासला, म्हने, "बरी आहेस का वो?"

ह्यायनं विचारलं, "कोन होय हा?"

मी पोरीले छातीशी धरलं. म्हटलं, "कोन जाने."

त्यानं आयकलं. ह्यायले हात जोडले.

"चुकलं जी," म्हने. "मले दुसऱ्या बाई वाटल्या."