डाळिंबाच्या पानावरचा डाग

पहिला डाग मला दिसला आणि मी तो कुणाला सांगितला नाही.

श्रावण नुकताच लागला होता. शाळेत जायच्या आधी पूजेला फुलं आणायला मी मागच्या अंगणात गेले. कुंपणालगतच्या डाळिंबाची फांदी वाटेत आली होती, ती बाजूला केली तर पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा ठिपका. मोहरीएवढा. पान उजेडाकडे धरलं तर ठिपक्याभोवती पिवळसर कडं दिसलं. तेल्या. त्या वर्षांत आमच्या भागात ज्याच्या दारी एकच डाळिंब होतं, त्यालाही हा रोग बघताक्षणी ओळखू यायचा.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ओझरच्या अलीकडे, मळ्याच्या कडेला आमचं घर. नवरा विमानाच्या कारखान्यात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि त्यांनी मागच्या अंगणात डाळिंबाची सात झाडं लावली. आयुष्यभर यंत्रांची निगा राखली, तशीच या झाडांची राखत. मोरचूद आणि चुना भिजवून फवारणीचं बोर्डो मिश्रण घरीच करायचे. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे आणि पात्यावर तांबूस चढलं की म्हणायचे, "चुना कमी पडला." मग पुन्हा चिमूट चिमूट चुना. फळ पोखरणारी अळी शिरू नये म्हणून एकेका फळाला जुन्या धोतराची पिशवी शिवून बांधायचे.

त्याच उन्हाळ्यात आबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मनाला त्रास होईल असं काही त्यांच्या कानावर घालू नका. शुद्धीवर आल्यावर आबांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "झाडांना पाणी दिलं का?"

आणि कुंपणापलीकडे भाऊंची तीन एकर डाळिंबाची बाग होती. भाऊ आमच्या नात्यातले नव्हते, पण आबांना झटका आला त्या दुपारी घरात मी एकटी होते. कुंपणावरून हाक मारली तर भाऊ हातातलं काम टाकून आले, आबांना उचलून जीपमध्ये घातलं आणि नाशिकला दवाखान्यात नेलं. सटाण्याकडे दिलेल्या त्यांच्या बहिणीची बाग आदल्या वर्षी तेल्यानं गेली होती. सगळी झाडं उपटून जाळावी लागली. तिथून आल्यावर ते कुंपणापाशी उभे राहून मला म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या झाडावर एक ठिपका जरी दिसला ना, तर आधी मला सांगा. पावसाच्या पाण्यानं लय लांब जातो हा रोग."

मी म्हटलं होतं, "हो भाऊ, लगेच सांगेन."

आता सांगायची वेळ आली होती आणि मी पान तोडून मुठीत लपवलं. भाऊ झाड काढायला लावतील, आबा कोसळतील, एवढंच मला दिसत होतं. आत येऊन न्हाणीतल्या बंबाखाली ते पान टाकलं.

त्या दिवसापासून माझा रोजचा क्रम ठरला. आबा सहाला फिरायला जायचे आणि अर्ध्या तासानं परत आले की मागच्या दारातूनच झाडं बघायचे; वाकून काही करायला डॉक्टरांची मनाई होती. तेवढ्या अर्ध्या तासात मी आबांची कात्री घेऊन मागे जायची. डागाळलेली पानं कापायची, पदरात गोळा करायची, बंबात घालायची. फाटकाची कडी वाजली की कात्री जागेवर ठेवून आत पळायची. आबा आत येत, चहा पीत आणि विचारत, "काय गं, झाडं बरी आहेत ना?"

"बरी आहेत."

आठवड्याभरात डाग दुसऱ्या झाडावर आले. मग चौथ्यावर. मला कळेना, इतकी काळजी घेऊनही हे होतंय कसं. मी आणखी बारकाईनं बघू लागले, आणखी पानं कापू लागले. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. एकदा एका मुलीनं वही पुढे केली, तर तिच्या पानावर शाई फुटलेली बघून मी ते पान उजेडाकडे धरलं.

पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली. आबांचं फिरणं बंद झालं, म्हणून माझंही मागे जाणं बंद. पाचव्या दिवशी उघडलं आणि मी शाळेतून आले तेव्हा आबा मागच्या अंगणात स्टुलावर बसले होते. मांडीवर धोतराची एक पिशवी सोडून ठेवलेली आणि हातात फळ. फळावर काळा डाग होता आणि डागाच्या मधोमध ते तडकलं होतं.

"इकडे ये," ते म्हणाले. मी गेले. त्यांनी एक फांदी धरून मला दाखवली. "इथं पानं कापलीत. इथंही. सातही झाडांवर. कात्री कोणी लावली?"

"मी."

"कधीपासून?"

"श्रावण लागल्यापासून. तुम्हाला त्रास होईल म्हणून…"

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री औषधात बुडवलीस?"

मला ते माहीतच नव्हतं. रोगी फांदीचा रस पात्याला लागतो आणि त्याच पात्यानं पुढच्या झाडाला जातो, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. म्हणजे रोज सकाळी मी माझ्या हातानं तेल्या एका झाडावरून दुसऱ्यावर नेत होते. मी ओल्या मातीतच खाली बसले.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. भाऊकडे."

"आबा, तुम्ही थांबा, मी जाते."

"दोघं जाऊ. सांगायचं मात्र तू."

भाऊ गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांच्या हातातला चारा तसाच राहिला. मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "महिना झाला?"

"हो."

"आन् मी रोज तुमच्यासमोरनं जात हुतो."

एवढं बोलून ते बागेकडे निघाले. आम्ही मागोमाग. कुंपणालगतच्या ओळीत ते झाडामागून झाड बघत चालले होते. पहिली चार नितळ निघाली. पाचव्यापाशी ते वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. त्या ओळीत अकरा झाडांवर डाग होते.

आबा म्हणाले, "भाऊ, आमची सातही झाडं आज काढतो."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "काढा," म्हणाले.

अंधार पडायच्या आत झाडं निघाली. आबांना कुऱ्हाड धरू द्यायची नाही म्हणून नवरा आणि मी राबलो. आबा स्टुलावर बसून सांगत होते, मूळ राहू देऊ नका, खालचं एक पान राहू देऊ नका. लाकूड ओलं होतं, पेटता पेटेना, धुरानं डोळे चुरचुरत होते. आबांच्या छातीकडे माझं सारखं लक्ष होतं. त्यांना काही झालं नाही. मी महिनाभर ज्याला भ्याले, ते त्यांनी बसल्या जागी सोसलं.

भाऊंनी ती अकरा झाडं जाळली, उरलेल्या बागेवर बोर्डोचे फवारे मारले, कात्र्या बादलीत बुडवून बुडवून छाटणी केली. त्या बहराची फळं हाती आली, पण रोग आतून गेला नव्हता. आबांशी ते बोलत राहिले. माझ्याशी नाही. मी दारात दिसले की नजर फिरवायचे, आणि मला त्याचा राग येत नसे.

तिसऱ्या वर्षी तेल्या त्यांच्या सगळ्या बागेत पसरला आणि त्यांनी झाडं काढायला जेसीबी बोलावला. मी सुट्टी घेतली आणि कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिले. लालभडक फुलांसकट झाडं आडवी होत होती. भाऊ माझ्या शेजारी येऊन थांबले. समोर बघतच म्हणाले, "छाटणीवाली माणसं गावोगावच्या बागा फिरतात. त्यांच्या कात्र्या कोण धुतं? हे तुमच्यामुळंच झालं असं नाय म्हणता येत, वहिनी."

खरं काय ते मला आजही माहीत नाही. त्यांनाही बहुतेक माहीत नसावं.

"आबा दुपारचे उठलेत का?" त्यांनी विचारलं.

"उठलेत."

"मग चहा टाका. मशीनवाला सकाळपासून उपाशी हाय. मी त्याला घेऊन येतो."

मी घराकडे निघाले.