उजव्या खांद्यावरून

आइस हॉकीचा सामना चालू असताना मर्ना होलोवाच पककडे बघायचीच नाही. सगळी रिंक त्या काळ्या रबरी चकतीमागे माना वळवत असायची, आणि ही बाई गोलजाळीमागच्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून, भलत्याच कुणाचे तरी पाय न्याहाळत बसलेली. गोल कुणी केला हे तिला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं. कधी कधी तेही नाही.

तिचं काम पोरं पारखायचं. वरच्या लीगमधला मोठा क्लब तिला पगार द्यायचा. त्या क्लबनं पोर्ट एल्डनच्या संघात, म्हणजे खालच्या लीगमध्ये, विशी-बाविशीची पोरं मुरायला ठेवलेली असत. त्यातलं कोण वर न्यायच्या लायकीचं आहे आणि कुणाला हात जोडून घरी पाठवायचं, हे मर्नानं सांगायचं. साठीला टेकलेली, ठेंगणी, कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी आणि खिशात सदैव चुरगळलेले रुमाल. मूळची सस्कॅचवन प्रांताकडची. तिथं ती आधी लहान मुलींना बर्फावर गिरक्या घ्यायला शिकवायची. मग हॉकीवाले दांडगे तिच्याकडे येऊ लागले, कारण त्यांना धावता यायचं, पण वळता यायचं नाही. त्यांचे गुडघे वाकवता वाकवता मर्नाला एक नाद लागला. हा माणूस असाच का चालतो, तसा का नाही? एकदा क्लबचा कारभार बघणाऱ्या हॅलनं जेवताना तिला सहज एका खेळाडूबद्दल विचारलं. ताटातलं सगळं गार होईपर्यंत ती बोलत राहिली. पुढच्या हंगामापासून तिला नोकरी लागली.

इतर क्लबांचे स्काउट, म्हणजे तिच्यासारखेच पारखी, वर पत्रकारांच्या सज्जात, उबेला बसत आणि एकमेकांना मनसोक्त थापा मारत. जो खेळाडू आवडला त्याला नावं ठेवायची, जो नाही आवडला त्याची तारीफ करायची, ही तिथली रीत. त्यातला डेल स्ट्रँड मध्यंतरात कॉफीचे दोन कप घेऊन खाली यायचा.

"या कोपऱ्यात तुला दिसतं तरी काय गं? बर्फ?"

"तुझं टक्कल सोडून सगळं दिसतं. साखर घातलीस का?"

त्या हंगामात तिचे डोळे सगळ्यात जास्त कुणावर खिळले असतील तर रीस कोइवुलावर. उजव्या बाजूचा बचावपटू, वय एकवीस, अंगानं किरकोळ, चेहऱ्यावर नेहमी काहीतरी विसरल्यासारखा भाव. पण एक गोष्ट हा पोरगा असा काही करायचा की बघत राहावं. पक आपल्या गोलामागं गेली की बचावपटूला पाठमोरं होऊन ती आणायला धावावं लागतं, आणि मागून दोन रेडे अंगावर येत असतात. अशा वेळी बहुतेक पोरं मान खाली घालून देवाचं नाव घेतात. रीस मात्र पकपाशी पोचण्याआधी उजव्या खांद्यावरून मागं बघायचा. एकदा, आणि लगेच पुन्हा. मग पक अशा ठिकाणी द्यायचा की मागून आलेले रेडे काचेवर आपटून एकमेकांची समजूत काढत राहायचे.

डिसेंबरात मर्नानं हॅलला सांगितलं होतं की या पोराची मान तिशीतल्या मुरलेल्या माणसाची आहे. हॅलला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते वर चारचौघांत आपलं म्हणून खपवलं.

आता मार्च सरत आला होता. रीसचा करार संपत होता. क्लबकडे एकच जागा, आणि दावेदार दोन: एक रीस, दुसरा सहा फूट चार इंची धिप्पाड गडी, ज्याच्या खेळात कोडं म्हणून काही नव्हतं. शुक्रवारी फोन कर, एकच नाव सांग, असं हॅलनं बजावलं होतं. ज्याचं नाव निघणार नाही त्याला पुढं कुणी उभं करेल अशी आशा नव्हती. रीसचा बाप कागदाच्या गिरणीत होता, आणि पोरालाही तिथंच चिकटवता येईल असं त्यानं मागच्या नाताळात बोलून दाखवलं होतं.

मर्ना रीसचं नाव सांगणार हे जवळजवळ ठरलंच होतं. बुधवारी ती सरावाला येऊन बसली ती नुसती सवय म्हणून.

रिंक रिकामी होती. पोरं एकेक करून गोलामागची पक आणायला जात होती. मागून कुणी अंगावर येत नव्हतं, सगळा नुसता हात मोकळे करण्याचा प्रकार. तरी रीसनं मागं बघितलं. एकदा, पुन्हा एकदा. उजव्याच खांद्यावरून. मर्नाच्या मनात आलं, अरे, मागं आहे कोण? कुणासाठी बघतोयस?

मग कोचनं उजवीकडून त्याला हाक मारली. रीस आपला चाललाय. पुन्हा हाक. शेवटी एकानं काठीनं त्याच्या पायाला ढोसलं, तेव्हा तो वळला आणि तेच विसरल्यासारखं हसला. बाकीची पोरं म्हणाली, कोइवुला चंद्रावर गेला. हा विनोद जुना असावा, कारण कुणी फारसं हसलं नाही.

मर्ना मात्र ताठ झाली. सराव संपेपर्यंत तिनं फक्त त्याची मान बघितली. नंतर ती स्केटना धार लावणाऱ्या आर्मांच्या खोलीत शिरली. आर्मां बेलकूर संघाचं सगळं सामान सांभाळायचा, आणि तिच्याशी त्याचं बरं होतं, कारण ती त्याच्या यंत्राला हात लावत नसे. रीसबद्दल काही वेगळं जाणवतं का, असं तिनं विचारलं. आर्मां म्हणाला, वेगळं कसलं, शकुनवाला आहे, सगळेच असतात. बाकावर कायम उजवीकडच्या टोकाला बसतो. बसमध्ये उजवीकडच्या खिडकीशीच. एकदा नवीन पोरगा त्याच्या जागी बसला तर रीस पाच तास उभा राहिला, पण दुसरीकडे बसला नाही.

"आणि कुणी विचारलं नाही त्याला, का म्हणून?"

आर्मांनं धार लावायचं थांबवलं. "बाई, शकुनाबद्दल विचारतात का कधी? विचारला की मोडला. मग हरलो की खापर कुणाच्या डोक्यावर?"

त्याचं खरंच होतं. या खेळात कुणी डावा मोजा आधी घालतं, कुणी जिंकत असेपर्यंत दाढी करत नाही, एकाला तर सामन्याआधी गोलजाळीच्या खांबाशी गप्पा मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. माणूस जितका विचित्र वागेल तितकं बाकीचे अदबीनं बाजूला सरकतात. मर्नानंही आयुष्यभर तेच केलेलं. पण त्या दिवशी ती मोटेलवर गेली, पलंगावर बसली, आणि उशी आपल्या उजव्या बाजूला ठेवून विचार करू लागली. बाकाचं उजवं टोक. उजवी खिडकी. म्हणजे माणसं सगळी डावीकडे. उजवीकडे फक्त काच, नाहीतर भिंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिनिश पॅनकेकच्या हॉटेलात गेली. रीस रोज तिथं काउंटरच्या उजव्या टोकाला, भिंतीलगतच्या स्टुलावर बसून खायचा. आज तो यायच्या आतच मर्ना त्या स्टुलावर जाऊन बसली. तो आला, थबकला, अदबीनं गुड मॉर्निंग म्हणाला, आणि तिच्या डावीकडे बसायचं सोडून कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाला. तिनं शेजारचं स्टूल थोपटलं. नाइलाजानं तो बसला, पण अंग सगळं तिच्याकडे वळवून, जणू फोटो काढायचाय.

पॅनकेक आले. तो ताटात बघू लागला तेव्हा मर्नानं कपाच्या आड तोंड धरून, साध्या आवाजात म्हटलं, "कोइवुला, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

रीस स्ट्रॉबेरीचा पाक ओतत राहिला. काउंटरपलीकडच्या वाढणाऱ्या बाईनं मात्र वाकून त्याचे बूट बघितले.

तेवढ्यानं मर्नाला हवं ते कळलं, आणि लाजही वाटली. तिनं कप खाली ठेवला आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यानं आधी तिच्याकडे, मग वाढणाऱ्या बाईकडे, मग दाराकडे बघितलं. तिला वाटलं, हा आता उठून जाणार.

"नऊ वर्षांचा होतो. गालगुंड झालं होतं," तो म्हणाला. "उजवा पूर्ण गेला. डावा ठणठणीत आहे."

"कुणाला ठाऊक आहे?"

"आईला. बाबांना अर्धंमुर्धं. आता तुम्हाला."

डॉक्टर तपासतात तेव्हा समोर बसून बोलतात, त्यामुळे त्याचं निभावून जायचं. शकुनाची कल्पना त्याची नव्हतीच. ज्युनियर संघात असताना कुणीतरी म्हणालं की कोइवुलाचा शकुन आहे, टोकाला बसू द्या त्याला, आणि याला आयतंच घर मिळालं. तेव्हापासून तो त्यातच राहत होता.

खरं तर इथं मर्नानं त्याला धीर वगैरे द्यायला हवा होता. पण तिच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. पाठमोरा धावताना त्याचा एरवी डावीकडे असणारा जोडीदार नेमका उजवीकडे येतो. तो ओरडून सांगतो, इकडे दे, तिकडे वळ, मागं माणूस आहे. बाकी सगळे बचावपटू त्या ओरडण्यावर खेळतात. याला त्यातलं अक्षरही पोचत नाही. मग तो बघतो तरी काय? तिनं मिठाची आणि मिरीची बाटली ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, दाखव.

रीसला आधी समजेना की ही आपल्याला पकडायला आलीय की शिकायला. मग तो बोलू लागला. पहिल्या नजरेत अंगावर येणाऱ्याचे गुडघे, कारण गुडघे ज्या बाजूला झुकले तिथून माणूस परत फिरू शकत नाही. दुसऱ्या नजरेत जोडीदाराच्या स्केटची टोकं, आणि गोलरक्षक काठी कुठं टेकवतोय ते. मिठाची बाटली जोडीदार झाली, मिरीची शत्रू, पाकाच्या डागाची पक. पॅनकेकचा चिखल झाला तरी दोघांचं लक्ष नव्हतं. मर्ना विचारत राहिली, गुडघे सरळ असतील तर? दोघे आले तर? आणि तो सांगत राहिला, कारण आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्याला कुठं बसलोय ते आठवलं.

"मिस होलोवाच, हे हॅलना सांगू नका."

"सांगावं लागेल रे."

"एका कानाचा म्हटल्यावर संपलंच. तो सहा फुट्या काहीही न बघता खेळतो, तरी घेतील."

"उद्या दुपारी मी फोन करणार. त्याआधी तू स्वतः कोचला सांग. तुझ्या तोंडून आलं तर ती माहिती. माझ्या तोंडून आलं तर चहाडी."

रीस उठला. पॅनकेकचे पैसे ठेवले, आणि जाताना म्हणाला की तुम्ही एवढं सगळं विचारलंत ते यासाठीच ना. विचारताना तिच्या मनात फोन अजिबात नव्हता, पण हे आता कोण मानणार?

शुक्रवारी सकाळी तो कोचच्या खोलीत जाऊन आला. कोच चांगला माणूस, पण उत्साही. त्यानं लगेच डोकं लढवलं: उजव्या बाजूला जोडीदार ऐकू येत नाही ना, मग डाव्या बाजूला खेळ. बाकासमोरच्या बर्फावर रीसला डावीकडे उभं केलं, आणि मर्नानं कोपऱ्यातून बघितलं, अगदी हताश व्हावं असं. काठी उलट्या बाजूला, पास जोडीदाराच्या मागं, एकदा तर पक सरळ आपल्याच गोलरक्षकाच्या मुखवट्यावर. शकुन मोडल्यावर असंच होणार, हे सगळ्या पोरांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

दुपारी तिनं गाडीत बसून हॅलला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे हॅलचं च्युइंगगम चघळणं थांबलं.

"म्हणजे तू मला चार महिने जे मान-मान करून सांगितलंस, तो आजार होता?"

"आजार हे कारण होतं. मान त्याची स्वतःची आहे."

हॅलनं विचारलं की उजवीकडून कुणी आडवा करायला आला तर याला कळणार कसं? ती म्हणाली, बघून. तुमच्या वरच्या मैदानावर अठरा हजार माणसं बोंबलत असतात, तिथं तुमचा सहा फुट्या दोन्ही कानांनी बहिरा होणार आहे, आणि त्याला बघायची सवय नाही.

"आणि एखाद्या वेळी बघायचं राहिलं तर?"

"तर आडवा होईल. ऐकू येणारेही होतात."

मग हॅलनं तिला नको असलेला प्रश्न विचारला. "खरं सांग. हे तुला डिसेंबरात कळलं असतं, तर त्याचं नाव घेतलं असतंस?"

मर्नानं काचेवरच्या बर्फाकडे बघितलं. "नसतं घेतलं. पहिल्याच दिवशी काट मारली असती, आणि नंतर एकदाही त्याच्याकडे बघितलं नसतं. म्हणून म्हणते, त्याला घ्या. त्याचं खरं मोल मला कानाचं माहीत नव्हतं तेव्हाच झालंय."

संध्याकाळ व्हायच्या आत क्लबचा निरोप आला. रीसला घेतलं होतं, पण दोन नाही, एकच वर्ष. कानाच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. आणि खेळायचं उजवीकडेच, डावीकडचा खेळ कोचनं आपल्यापाशी ठेवावा, असं हॅलनं खास सांगितलं होतं.

मर्ना रिंकबाहेर गाडी तापवत उभी होती. मोटेल सोडलं होतं, सामान मागं टाकलं होतं. रीस ओल्या केसांनी बाहेर आला आणि तिच्यापासून थोडा लांब थांबला.

"एकच वर्ष," तो म्हणाला.

"हो. मी दोन मागितली होती."

"मी अजून रागावलेला आहे."

"राहा की."

त्याचा पाय निघत नव्हता. हॅलना नक्की काय सांगितलंत, असं त्यानं विचारलं, आणि तिनं शब्दन्‌शब्द सांगितलं. डिसेंबरातल्या काट मारण्याचंही. ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावरचा विसरल्यासारखा भाव पहिल्यांदाच पुसला गेला. त्याखाली तिला दिसला तो नुसता दमलेला पोरगा, चार-पाच माणसांची कामं एकट्या डोळ्यांनी करणारा.

"म्हणजे तुम्हीसुद्धा," तो म्हणाला.

"मीसुद्धा."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. मग म्हणाला की सकाळचं ते डावीकडचं फारच घाण झालं, कोच म्हणतोय सोडून दे, पण ते असं का होतं हे त्याला समजून घ्यायचंय. अजून तासभर बर्फ मोकळा आहे. तो पाठ फिरवून आत निघाला.

मर्नाला अंधार पडायच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं. तिथं एक गोलरक्षक होता, म्हणे डावा गुडघा उशिरा टेकवतो. तिनं चालू गाडीकडे बघितलं, किल्ली फिरवून ती बंद केली आणि रीसच्या मागोमाग आत गेली.