पावडरचा डबा

"तुमच्या लोकांना आधी पावडर लाव. वास सहन होत नाही मला."

रांगेतल्या बायकांसमोर डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या. मुकुंदवाडीत स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीची गाडी आली होती. आत मॅमोग्राफीचं डिजिटल मशीन. चालवणारी मी, तिथल्याच निळ्या झेंड्याच्या गल्लीत वाढलेली. बायका अंघोळ करून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. तीन तास उन्हात उभ्या. मॅडम एसीत.

मी काय केलं? हसले. नोकरी पक्की व्हायची होती ना! पर्समधला डबा काढला नि एकेकीच्या काखेत पावडर शिंपडत गेले. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. रोगाचे ठिपकेही तसेच दिसतात. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

शेजारच्या शांतामावशीनं हात वर करत विचारलं, "लाव बाई. पर फोटू नीट यील ना?"

"येईल," मी म्हणाले.

स्क्रीनवर तिचे ठिपके दिसले.

"मॅडम, पुसून परत काढू?"

"पावडरच आहे ती. नॉर्मल टाक. रांग बघ केवढी आहे."

मी टाइप केलं. त्यांनी सही केली.

आठ महिन्यांनी मावशीच्या हाताला छातीत गाठ लागली. मोठ्या दवाखान्यात जुना फोटो उघडला तेव्हा कळलं, ते ठिपके पावडरचे नव्हतेच. मी भेटायला गेले. मावशी माझा हात धरून म्हणाली, "तू व्हतीस मशीनवर, म्हून मी निर्धास्त व्हते गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं न सांगताच चहा पिऊन परत आले.

त्यानंतरची गाडी फर्दापूरला लागली. मॅडमनी पावडरचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"नाही लावणार," मी म्हणाले. "ओल्या फडक्यानं पुसणार, मगच फोटो. वास येत असेल तर तुम्ही बाहेर बसा."

"नोकरी नकोय का तुला?"

मी बादलीत फडकं भिजवलं नि पहिल्या बाईला आत घेतलं.

परवा मावशीला सगळं सांगितलं. तिनं तोंड फिरवलं. अजून बोलत नाही माझ्याशी. बरोबरच आहे तिचं.

मुकुंदवाडीतल्या त्या दिवशीच्या बायकांची यादी माझ्याकडं आहे. तक्रारीचा अर्ज दिलाय. त्यात मॅडमच्या आधी माझं नाव लिहिलंय. उद्यापासून यादीतल्या एकेकीच्या दारात जाणार. सांगणार, बाई, तुझा फोटो मी बिघडवला. चल, परत काढायचाय.